पी.टी.च्या तासाला झाडाखाली बसलेले मूल

जून महिन्यात शाळा सुरू झाल्या की दवाखान्यात ताप-खोकल्याच्या रुग्णांबरोबर आणखी एक गर्दी वाढते. ती दाखला मागणाऱ्यांची. कुणाला रजेचा दाखला हवा असतो, कुणाला रक्तगटाचा. त्यातच काही आईवडील मुलाला हाताशी धरून येतात आणि म्हणतात, "डॉक्टर, याला पी.टी.तून सूट पाहिजे. शाळेने तुमचे पत्र आणायला सांगितले आहे." मूल कधी फिट्सच्या गोळ्या घेणारे असते, कधी त्याचा एक पाय जन्मापासून आखडलेला असतो, तर कधी ते वर्गातल्या इतर मुलांपेक्षा समजायला हळू असते. आईवडिलांना भीती असते, पडले-झडले तर काय? शाळेला भीती असते, आपल्यावर आले तर काय? डॉक्टरांनी दोन ओळी लिहून सही-शिक्का केला की दोघेही सुटतात.

सुटत नाही ते फक्त मूल. ते पुढची सात-आठ वर्षे खेळाच्या तासाला मैदानाच्या कडेला झाडाखाली बसते आणि मित्रांची दप्तरे व चपला सांभाळते. शाळेच्या क्रीडादिनाला टाळ्या वाजवते. दहावी होईपर्यंत त्याच्या अंगात ताकद नसते, वजन वाढलेले असते, आणि 'आपल्याला हे जमणार नाही' हे वाक्य त्याला पाठ झालेले असते.

आज या सदरात एवढेच सांगायचे आहे, की ज्या मुलाला आपण खेळापासून 'वाचवतो', त्यालाच खेळाची गरज सर्वांत जास्त असते. त्याला खेळवायचे तर नुसती माया पुरत नाही आणि नुसती शिट्टीही पुरत नाही. त्यासाठी विशेष शिक्षण आणि शारीरिक शिक्षण या दोन्ही विद्या शिकलेला माणूस लागतो. असा माणूस आपल्या जिल्ह्यात शोधून सापडत नाही. तो तयार कसा होईल, याचाही विचार करू.

न खेळल्याने काय बिघडते?

'सेरेब्रल पाल्सी' म्हणजे मेंदूला जन्माच्या सुमारास इजा झाल्याने स्नायूंवर नीट ताबा नसलेली मुले आपण पाहतो. त्यांचे स्नायू ताठ असतात. पूर्वी असा समज होता, की अशा स्नायूंना ताकदीचा व्यायाम दिला तर ताठरपणा वाढेल. तो समज आता मागे पडला आहे. ताठ स्नायू हा बहुधा अशक्तही असतो, आणि बेताबेताने व्यायाम दिल्यास त्याची ताकद वाढते. उलट मूल बसून राहिले तर वाढत्या वयात हाडे लांब होतात, पण स्नायू त्या प्रमाणात लांबत नाहीत. टाच उचललेली राहते, गुडघा वाकलेला राहतो आणि आधी भिंत धरून चालणारे मूल पुढे खुर्चीला खिळते.

'डाऊन सिंड्रोम' असलेल्या मुलांचे स्नायू जन्मतः सैल असतात आणि वजन लवकर वाढते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना बोलावून खेळायला घेणारे कुणी नसते, म्हणून ती घरात टी.व्ही. किंवा मोबाईलसमोर बसतात. हाडे मजबूत होण्यासाठी त्यांच्यावर शरीराचा भार पडावा लागतो, धावावे-उडी मारावी लागते. ते न झाल्यास हाडे ठिसूळ राहतात. बद्धकोष्ठता, रात्रीची झोप न लागणे, चिडचिड या तक्रारी घेऊन पालक येतात, आणि त्यातल्या पुष्कळ तक्रारींचे मूळ दिवसभर न हललेल्या शरीरात असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली शारीरिक हालचालींविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत अपंगत्व असलेल्या मुलांचा वेगळा विचार केला आहे. ५ ते १७ वर्षे वयाच्या अशा मुलांनीही दिवसाला सरासरी ६० मिनिटे दम लागेल इतपत हालचाल करावी, असे त्यांत म्हटले आहे. म्हणजे इतर मुलांना जेवढी, तेवढीच. सूट नाही!

आणि एक गोष्ट कुठल्याही तपासणीत दिसत नाही. मुलांची मैत्री वर्गात होत नाही, ती मैदानात होते. खेळाच्या तासाला बाहेर बसलेले मूल डबा खातानाही एकटेच बसते.

मग नुसते मैदानात सोडावे का?

नाही. येथेच अर्धवट ज्ञान धोक्याचे ठरते. काही उदाहरणे पाहू.

डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेतील वरच्या दोन मणक्यांमधली बांधणी सैल असते. अशा मुलाला कोलांटउडी, शीर्षासन किंवा पाण्यात डोक्याकडून सूर मारायला लावले, तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते. म्हणून हे प्रकार डॉक्टरांनी मान तपासून परवानगी दिल्याशिवाय करू नयेत. मान दुखणे, मान एका बाजूला कलणे, चाल अचानक बिघडणे, लघवीवरचा ताबा जाणे ही धोक्याची चिन्हे आहेत. ती दिसली की खेळ थांबवून लगेच डॉक्टरांकडे जावे. यांपैकी जवळजवळ निम्म्या मुलांना हृदयाचा जन्मजात दोष असतो, तेव्हा तीही तपासणी एकदा झालेली हवी. पण या दोन तपासण्या झाल्या की चालणे, धावणे, नाचणे, चेंडू फेकणे, लेझीम खेळणे यांना बहुतेकांना काहीच आडकाठी नसते.

फिट्स येणाऱ्या मुलाचे पाहा. गोळ्या नियमित चालू असतील तर बहुतेक मुलांना खेळल्याने फिट येत नाही. कबड्डी, खो-खो, क्रिकेट खेळण्यास सहसा हरकत नसते. मात्र पाण्यात उतरताना फक्त त्याच्यावरच लक्ष ठेवणारे एक मोठे माणूस जवळ हवे. विहिरीत किंवा नदीत एकट्याने कदापि नाही. उंच चढण्याचे प्रकार फिट्स आटोक्यात येईपर्यंत टाळावेत. मैदानात फिट आलीच तर आजूबाजूचे दगड-बाके बाजूला करावीत, डोक्याखाली मऊ काही ठेवावे आणि मुलाला कुशीवर वळवावे. तोंडात चमचा, बोट, कापड काही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये. फिट पाच मिनिटांहून जास्त चालली, किंवा एकामागून एक येऊ लागल्या, तर दवाखाना गाठावा.

विदर्भ आणि खानदेशातील आदिवासी पट्ट्यात सिकलसेलची मुले पुष्कळ आहेत. त्यांना तहान लागेपर्यंत पळवणे, भर उन्हात उभे करणे किंवा थंड पाण्यात उतरवणे यांमुळे अंगदुखीचा तीव्र झटका येऊ शकतो. पण दर थोड्या वेळाने पाणी आणि विश्रांती दिली, तर तीही झेपेल तेवढे खेळू शकतात. पाठीच्या मणक्यातील दोषामुळे पाय बधिर असलेल्या मुलाला तापलेल्या फरशीवर बसवले, तर त्याला चटका कळत नाही आणि संध्याकाळी घरी फोड दिसतात. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलाच्या कानाजवळ कर्कश शिट्टी वाजली तर ते कान झाकून पळत सुटते, आणि आपण म्हणतो, 'ऐकत नाही.' ऐकू न येणाऱ्या मुलाला शिट्टीचा उपयोगच नाही, त्याला रंगीत झेंडी दाखवावी लागते.

हे सगळे पी.टी.च्या सरांना कुणी शिकवले? आणि विशेष शिक्षकांना धावण्याआधी अंग कसे मोकळे करून घ्यावे, कोणत्या वयाला किती जोर लावावा, हे कुणी शिकवले?

दोन विद्या, दोन वेगळ्या वाटा

आपल्याकडे शारीरिक शिक्षणाची परंपरा जुनी आणि अभिमानास्पद आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली सुरू झाले. बी.पी.एड. होऊन बाहेर पडलेले शिक्षक गावोगावी आहेत. त्यांच्या शिक्षणक्रमाला राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेची, म्हणजे एन.सी.टी.ई.ची मान्यता लागते.

विशेष शिक्षणाची वाट वेगळी. मूकबधिर, अंध, बौद्धिक अक्षम मुलांना शिकवण्याचे डी.एड. आणि बी.एड. अभ्यासक्रम भारतीय पुनर्वास परिषदेच्या अखत्यारीत येतात. ही परिषद १९९२ च्या कायद्याने आली. तिच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असल्याशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही.

दोन परिषदा, दोन प्रकारची महाविद्यालये, दोन प्रवेशपद्धती. एकाला मैदान कळते, दुसऱ्याला मूल कळते. मुलाला मात्र दोन्ही एकाच माणसात हवे असतात.

त्यात लहान शाळांची अडचण वेगळीच. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे सहावी ते आठवीच्या वर्गांचा पट १०० च्या वर असेल, तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा अशी तरतूद आहे. त्याहून लहान शाळेत खेळाचा तास वर्गशिक्षकच घेतात. विशेष शिक्षक तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून फिरतीवर येतात, वाचन-लेखन पाहतात आणि पुढच्या शाळेकडे जातात. मैदान कुणाच्याच वाट्याला येत नाही.

जगात हा विचार कसा रुजला?

याचा एक मोठा धडा एका डॉक्टरने घालून दिला. लुडविग गुटमन हे जर्मनीतून हिटलरच्या छळामुळे निघून १९३९ साली इंग्लंडला आलेले मेंदू-मज्जातंतूंचे तज्ज्ञ. १९४४ साली त्यांनी स्टोक मँडविल येथील रुग्णालयात मणक्याला इजा झालेल्या सैनिकांचा विभाग सुरू केला. तोपर्यंत असे रुग्ण अंथरुणातील जखमा आणि लघवीचा जंतुसंसर्ग यांनी थोड्याच काळात दगावत. गुटमन यांनी त्यांना बसते केले, चेंडू दिला, धनुष्यबाण दिले. २९ जुलै १९४८ रोजी, म्हणजे लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी १६ जखमी स्त्री-पुरुषांची तिरंदाजी स्पर्धा भरवली. पुढे १९६० साली रोममध्ये झालेल्या स्पर्धेला पहिले पॅरालिंपिक मानतात. ध्यानात घ्या, त्यांनी खेळ सुरू केला तो पदकांसाठी नव्हे. त्यांच्या दृष्टीने खेळ हे औषध होते.

दुसरे पाऊल कायद्याचे. अमेरिकेने १९७५ साली अपंग मुलांच्या शिक्षणाचा जो कायदा केला, त्यात विशेष शिक्षणाच्या व्याख्येतच शारीरिक शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख केला. गणित किंवा भाषा यांची नावे तिथे नाहीत, शारीरिक शिक्षणाचे आहे. त्यामुळे तेथे मुलाच्या गरजेप्रमाणे बदललेले शारीरिक शिक्षण देणाऱ्या शिक्षकांची निकड निर्माण झाली आणि विद्यापीठे त्यांना शिकवू लागली.

इंग्लंडमध्ये १९७८ साली मेरी वॉर्नॉक यांच्या समितीने अहवाल दिला. मुलावर व्यंगाचा शिक्का मारण्याऐवजी त्याची शिकण्याची गरज काय आहे ते विचारा, असे त्या अहवालाचे सांगणे होते. पाचांपैकी एका मुलाला शाळेच्या काळात कधी ना कधी अशी वेगळी मदत लागते, असा त्यांचा अंदाज होता. 'विशेष शैक्षणिक गरजा' हा शब्दप्रयोग तेथून रूढ झाला आणि १९८१ च्या कायद्यात आला. आज इंग्लंडमधील काही विद्यापीठांत विशेष शैक्षणिक गरजा आणि खेळ व शारीरिक शिक्षण हे दोन विषय एकाच पदवीत जोडीने शिकता येतात.

अशा जोड अभ्यासात काय असते? एकीकडे शरीररचना, श्वास आणि हृदयाचे कार्य, खेळातील दुखापती, सरावाचे शास्त्र. दुसरीकडे मुलाची वाढ, निरनिराळी अपंगत्वे, संवादाच्या पद्धती, कायदा, पालकांशी बोलण्याची रीत. आणि या दोहोंना जोडणारा तिसरा भाग म्हणजे विशेष शाळांत व साध्या शाळांत प्रत्यक्ष काम. पुस्तकात वाचलेले सारे तेथे कसाला लागते.

लगोरी, लेझीम आणि चार प्रश्न

या विषयात शिकवली जाणारी एक साधी पद्धत आपल्या शिक्षकांना आजच वापरता येईल. मूल खेळात बसत नसेल, तर मुलाला बाहेर काढण्यापूर्वी खेळाला चार प्रश्न विचारायचे. जागा बदलता येईल का? काम बदलता येईल का? साहित्य बदलता येईल का? माणसांची मांडणी बदलता येईल का?

लगोरी घ्या. चेंडू लहान आणि कडक असेल तर हाताची पकड नसलेल्या मुलाला तो धरता येत नाही. कापडाचा मोठा चेंडू करा. फरश्यांच्या तुकड्यांऐवजी लाकडाचे मोठे ठोकळे रचा. कुबडी घेऊन चालणाऱ्याला दोन पावले पुढून नेम धरू द्या. खेळ लगोरीच राहतो.

लंगडीत एक पाय उचलायचा असतो, ते ज्याला जमत नाही त्याने दोन्ही पायांनी चालत पकडावे, पण त्याचे रिंगण लहान असावे. खो-खोत अंध मुलाच्या हाताला जोडीदाराचा हात बांधावा किंवा दोघांनी एक रुमाल धरावा. दृष्टी नसलेल्यांसाठी चेंडूत घुंगरू घालावेत. 'गोलबॉल' हा आवाजाच्या चेंडूचा खेळ दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी निघाला आणि आज तो पॅरालिंपिकमध्ये आहे.

लेझीम तर या कामासाठीच जन्माला आली असावी असे वाटते. ठेका ठरलेला, हालचाल पुन्हा पुन्हा तीच, पुढच्याला पाहून करायची. समजायला हळू असलेल्या मुलाला पुनरावृत्ती आवडते. ऐकू न येणाऱ्या मुलाला हलगी-ढोलाचा कंप पायांतून आणि छातीतून जाणवतो, आणि बाकीचे तो समोरच्याकडे पाहून उचलतो. आपल्या मल्लखांबाचेही तसेच. २०२४ साली पद्मश्री मिळालेले प्रशिक्षक उदय देशपांडे यांनी मल्लखांब दिव्यांग आणि अनाथ मुलांपर्यंतही नेला.

माझ्या पाहण्यात एक मुलगी आहे. तिची उजवी बाजू जन्मापासून आखडलेली. सातवीपर्यंत ती एकाही खेळाच्या तासाला मैदानात उतरली नव्हती. पुढे तिच्या शाळेत आलेल्या बाईंनी आधी विशेष शिक्षणाची पदविका केलेली होती आणि नंतर बी.पी.एड. केले होते. बाईंनी तिला पहिल्या दिवशी एकच काम दिले. चेंडू डाव्या हाताने भिंतीवर मारायचा आणि दोन्ही हातांनी झेलायचा. उजवा हात पुढे येईना. बाईंनी चेंडूऐवजी फुगा दिला. फुगा सावकाश खाली येतो, हाताला वेळ मिळतो. फुग्याचा प्लॅस्टिकचा हलका चेंडू झाला, मग रबरी चेंडू झाला. दोन वर्षांत तिची टाच पूर्ण टेकू लागली असे मी म्हणणार नाही, जादू काही झालेली नाही. पण ती आता कठडा न धरता जिना चढते, आणि वर्गाच्या लगोरीच्या संघात नेम धरायला तिलाच पाठवतात. तिची आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, आता ती शाळेतून आल्यावर मैत्रिणींची नावे सांगते." औषधाच्या कुठल्याही बाटलीने हे झाले नसते.

पदकांचे कौतुक करावे, पण...

सांगली जिल्ह्याने देशाला या बाबतीत दोन मोठी नावे दिली आहेत. पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले. उपचारांच्या काळात ते पोहण्याकडे वळले, आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्यात त्यांनी भारताला पॅरालिंपिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. आटपाडी तालुक्याचे सचिन खिलारी यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक मिळवले. त्या स्पर्धेत भारताला एकूण २९ पदके मिळाली.

हे सारे अभिमानाचेच. पण पालकांनी एक लक्षात ठेवावे. आपल्या मुलाने पदक आणावे म्हणून त्याला खेळवायचे नाही. शंभरातील नव्व्याण्णव धडधाकट मुलेही पदक आणत नाहीत, तरी आपण त्यांना खेळू देतोच ना? खेळणे हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वे धरलेली आहेत, आणि त्याचे ३० वे कलम केवळ खेळाविषयी आहे. दिव्यांगांना खेळात भाग घेता यावा यासाठी सरकारने उपाय योजावेत, असे ते कलम सांगते.

शिकायचे असेल तर

आता थोडे तरुण वाचकांसाठी. आपल्या गावाबाहेरच्या रस्त्यावर पहाटे पाच वाजता पोलीस भरतीसाठी धावणारी मुले-मुली रोज दिसतात. सगळ्यांनाच भरतीत जागा मिळत नाही. ज्यांना मैदानाची ओढ आहे आणि ज्यांच्या स्वभावात सबुरी आहे, त्यांनी या वाटेचा जरूर विचार करावा.

वाटा अशा आहेत. बारावीनंतर विशेष शिक्षणातील डी.एड. करता येते, ते दोन वर्षांचे असते. पदवीनंतर विशेष शिक्षणातील बी.एड. आहे. बी.पी.एड. साठी पदवी लागते, तो अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे आणि प्रवेशासाठी राज्याची सीईटी व मैदानी चाचणी द्यावी लागते. दोन्ही शिक्षणे एकापाठोपाठ घ्यायची तर काही वर्षे जातात हे खरे. पण हाती येणारी जोड दुर्मिळ असते. मूकबधिर मुलांच्या शिक्षणासाठी मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. बौद्धिक अक्षमतेसाठीची राष्ट्रीय संस्था सिकंदराबादला आहे.

प्रवेश घेण्यापूर्वी एक खबरदारी घ्या. महाविद्यालयाच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची, आणि बी.पी.एड. असेल तर एन.सी.टी.ई.ची, त्या वर्षाची मान्यता आहे ना ते स्वतः तपासा. मान्यता नसलेल्या पदवीवर नोकरी मिळत नाही आणि भरलेले पैसेही परत मिळत नाहीत.

विद्यापीठांकडूनही एक अपेक्षा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीला मुख्य विषयाबरोबर दुसरा विषय जोडून घेण्याची मोकळीक दिली आहे. मग शारीरिक शिक्षणाला विशेष शिक्षणाची जोड का देऊ नये? सी.बी.एस.ई.च्या बारावीच्या शारीरिक शिक्षणात विशेष गरजा असलेल्या मुलांवर एक प्रकरण आहे. पण प्रकरण पाठ करणे वेगळे आणि खुर्चीतल्या मुलाला कमरेला आधार देऊन चेंडू फेकायला लावणे वेगळे. ते हातानेच शिकावे लागते. दोन महाविद्यालये एकाच गावात असतील तर त्यांनी निदान विद्यार्थ्यांचे दोन-दोन आठवडे अदलाबदलीने ठेवावेत. त्याला फारसा खर्च येणार नाही.

तोपर्यंत आपण काय करावे?

पालकांनी: मुलाचे निदान, चालू औषधे, फिट आल्यास काय करावे आणि आपला फोन नंबर, एवढे एका कागदावर लिहून खेळाच्या शिक्षकांना द्यावे. वर्षाच्या सुरुवातीला एकदा तपासणी करून घ्यावी. घरी रोज थोडे तरी खेळवावे. पडले तर खरचटेल. खरचटणे हा आजार नव्हे.

मुख्याध्यापकांनी: पी.टी.च्या सरांना आणि फिरत्या विशेष शिक्षकांना महिन्यातून एकदा एकत्र बसवावे, आणि प्रत्येक विशेष मुलासाठी मैदानातील एक तरी काम ठरवून घ्यावे. गुण मोजणे आणि पाण्याचा तांब्या आणणे हा खेळ नव्हे.

डॉक्टरांनी: केवळ 'खेळातून सूट द्यावी' असे लिहू नये. काय करू नये ते दोन ओळींत आणि काय करावे ते चार ओळींत लिहावे. उदाहरणार्थ, "कोलांटउडी व शीर्षासन नको. चालणे, धावणे, चेंडूफेक, लेझीम चालेल. दर पंधरा मिनिटांनी पाणी व विश्रांती द्यावी." अपंगत्वाच्या दाखल्यावरील टक्केवारी सवलतींसाठी असते, मूल काय खेळू शकते हे ती सांगत नाही. ज्यांना हृदयाचा गंभीर दोष, नुकती झालेली शस्त्रक्रिया किंवा आटोक्यात नसलेल्या फिट्स आहेत त्यांना काही काळ थांबवावे लागते. पण तेव्हाही थांबायचे किती दिवस आणि पुन्हा तपासायचे केव्हा, ही तारीख पत्रावर असावी.

आणि या शिक्षणाकडे वळू पाहणाऱ्यांना शेवटचा सल्ला. अर्ज भरण्यापूर्वी जवळच्या विशेष शाळेत जा. मुख्याध्यापकांची परवानगी काढून चार दिवस खेळाच्या तासाला मदत करा. चौथ्या दिवशी दमून घरी आल्यावरही पाचव्या दिवशी जावेसे वाटले, तर अर्ज जरूर भरा. आपल्या जिल्ह्याला तुमची गरज आहे.